निळ्या पडद्यावरचं सी प्लस प्लस

महाडहून मुंबईच्या दिशेने निघालं की माणगावच्या अलीकडे लोणेरे लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथलं. १९८९च्या कायद्याने स्थापन झालेलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ज्या महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्या गावाच्या शेजारी त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं आणि तेही तंत्रशिक्षणाचं. सावित्रीच्या खोऱ्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आता एक दार एसटीच्या टप्प्यात आलं.

विद्यापीठाच्या कायद्याला वर्ष होतंय तोच, १९९० साली, अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीने टर्बो सी प्लस प्लस बाजारात आणलं. निळा पडदा, पिवळी अक्षरं, कंट्रोल-एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम धावणार. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या किती पिढ्यांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा या पडद्यावर केला, त्याची मोजदाद नाही. टेबलावर बहुधा बालगुरुस्वामींचं पुस्तक असे, नाहीतर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचारपद्धती मुळात ऑस्लोची. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी तिच्यातला क्लास उचलून १९७९पासून सी भाषेत रुजवायला घेतला आणि १९८५मध्ये सी प्लस प्लस बाजारात आली. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉकवर काम केलं. पडद्यावरच्या खिडक्या आणि माउसने चालवायचे मेनू हे सगळं तिथेच आकाराला आलं. म्हणजे डेस्कटॉपची खिडकी आणि ऑब्जेक्ट एकाच अंगणात वाढले. आपल्या अभ्यासक्रमाने मात्र त्यांची ताटातूट केली: ऑब्जेक्ट शिकवला तो आउटपुटच्या काळ्या डॉस पडद्यावर आकडे छापत, आणि खिडकी आली पुढच्या कुठल्या तरी सत्रात.

क्लास आणि ऑब्जेक्टची ढोबळ कल्पना कळायला रायगड जिल्ह्यात तरी अडचण नसावी. पेणच्या कारखान्यातला साचा म्हणजे क्लास आणि त्यातून निघालेली गणेशमूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. घोडं अडतं ते पुढे. खिडकीतलं बटण, यादी, चौकट हे सगळे एकाच मूळ क्लासचे वारस असतात. ‘स्वतःला रंगव’ असा एकच हुकूम सुटला तरी प्रत्येक जण आपापल्या परीने रंगवतो आणि कुणाचं फंक्शन चालणार हे प्रोग्रॅम धावताना ठरतं. शिवाय खिडकीचा प्रोग्रॅम वरून खाली सरळ वाहत नाही. वापरणारा काय दाबतो याची तो वाट पाहत बसतो. ‘मेन’पासून शेवटच्या कंसापर्यंत वाचायची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे पचायला वेळ लागतो, आणि प्रगत भाग खरा सुरू होतो तो इथे.

मायक्रोसॉफ्टने १९९३मध्ये व्हिज्युअल सी प्लस प्लस आणलं आणि १९९४मध्ये चार लेखकांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आलं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मात्र बाजी मारली व्हिज्युअल बेसिकने. फॉर्मवर बटण ओढायचं, डबल-क्लिक करून चार ओळी लिहायच्या, की ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ तयार. गंमत अशी, की १९९८च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत व्हिज्युअल बेसिकमध्ये खरा वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, नव्हताच. तो आला २००२च्या डॉटनेटबरोबर. तोंडी परीक्षेत इनहेरिटन्सची व्याख्या घडाघडा सांगायची आणि प्रोजेक्ट अशा भाषेत करायचा जिच्यात ते करताच येत नाही, असा तो मामला.

निळ्या पडद्याचं आयुष्यही नको तितकं लांबलं. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८मध्ये ठरलं; टर्बोची तिसरी आवृत्ती त्याआधीची. तिच्यात टेम्प्लेट होते, पण नेमस्पेस नव्हते आणि ट्राय-कॅचही नव्हतं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ती चालेना, तेव्हा डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये बसवून तिला चालवलं गेलं. जुनं साधन जपण्यात काटकसर होती हे खरं, पण तेवढीच नव्हती. छापील जर्नल, ठरलेली प्रॅक्टिकलं, परीक्षकाला ओळखीचं आउटपुट, सगळी घडी त्या पडद्याभोवती बसली होती.

घडी मोडली ती मुख्यतः जावाने. १९९८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत खिडक्या-बटणं घडवणारं स्विंग होतं. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात पुढे अ‍ॅडव्हान्स्ड जावा या विषयात ते शिकवलं जाऊ लागलं. इथे खिडकी बहुधा तयार क्लासचा वारसा घेऊनच उघडतात, बटणाला कान, म्हणजे लिसनर, द्यावा लागतो. उशिरा का होईना, ऑब्जेक्ट आणि खिडकी एका प्रॅक्टिकलमध्ये भेटले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने जावा आणि सी प्लस प्लसचे छोटे धडे मराठी आवाजातही दिले. पडद्यावर इंग्रजी कोड, कानात मराठी, आणि नेट नसलं तरी चालेल अशी सोय. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना परवडेल अशीच.

लोणेऱ्याचं स्थानही दरम्यान बदललं. २०१४च्या कायद्याने विद्यापीठाला राज्यभरातली कॉलेजं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या संलग्न कॉलेजांतही आता ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा पेपर लोणेऱ्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे निघतो.