झाँकीच्या वाटेने नदीपर्यंत

डॉक्टरांनी आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले. आम्ही त्यांना नेहरू पार्कात घेऊन गेलो. दादा अजून त्याला बिस्को पार्कच म्हणतात. तिसऱ्या फेरीला ते थांबले आणि म्हणाले, "हे काय घाण्याच्या बैलासारखं! कुठे जायचंच नाही, तर चालायचं कशाला?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या डोक्यातून जाईना. आपल्या इंदुरात फिरायला जाणे म्हणजे आता बागेतल्या ट्रॅकवर गोल फेऱ्या मारणे. ज्यांना डोंगर चढायची हौस आहे, ते रविवारी गाडी काढून दक्षिणेला राळामंडळला जातात. होळकरांचे जुने शिकारगाह तिथे टेकडीच्या माथ्यावर आहे आणि १९८९ पासून ते जंगल अभयारण्य आहे. पक्षी पाहणारे धार रोडवरच्या सिरपूर तलावाची वाट धरतात. २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. त्यामागे पद्मश्री भालू मोंढे यांच्यासारख्या आपल्याच माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. हे सगळे उत्तमच. पण घराच्या ओटल्यावरून उतरून, झाडापाण्याच्या सोबतीने कुठेतरी पोहोचावे, अशी वाट या शहरात कुणी कधी आखली नव्हती का?

आखली होती. शंभर वर्षांपूर्वी.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांना नगररचनेसाठी इंदुरास बोलावले. गेडिस मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा दोन भागांतला अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिप्लोमा करताना आम्हाला मोजणी शिकवली ती साखळी आणि रेंजिंग रॉडची. गेडिस मात्र आधी नुसते हिंडत. गल्लीबोळ, विहिरी, घाट, नाले सगळे पायांखाली घातल्यावर मग कागद घेत. सरळ रुंद रस्त्यासाठी सरसकट घरे पाडायला त्यांचा विरोध होता. एखादी पडकी भिंत काढा, मोकळ्या जागेत झाड लावा, विहीर बुजवू नका, असा त्यांचा आग्रह. रोग्याचे हातपाय न तोडता जपून शस्त्रक्रिया करावी, तसे ते म्हणत. आणि नदीविषयी त्यांचा विचार स्पष्ट होता : कान्ह (आपली सर्वांची खान नदी) आणि सरस्वती यांचे काठ स्वच्छ करून तिथे बागा कराव्यात, लोकांना काठाने फिरता यावे.

त्या दिवसांत शहरात प्लेगची धास्ती होती. नकाशे घेऊन फिरणाऱ्या साहेबाला पाहून लोक घाबरत : आता आपले घर पाडणार! तेव्हा गेडिसनी दिवाळीला एक मिरवणूक काढली. दरबाराने त्यांना एका दिवसाचे महाराज केले होते. त्यांनी जाहीर केले की जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल, तिथून मिरवणूक जाईल. नेहमीच्या मार्गाने जाणार नाही म्हटल्यावर गल्ल्यागल्ल्यांतून झाडू फिरले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता, तो शेवटी जाळण्यात आला. सफाई कामगारांच्या गाड्या फुलांनी सजवलेल्या होत्या आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. हजार नोटिसा चिकटवून जे झाले नसते, ते एका दिवसात झाले. आम्ही शासकीय नोकर, नोटिशीची ताकद किती ते आम्हाला चांगले ठाऊक आहे!

मिरवणुकीने शहर पायी पाहण्याची गोष्ट निघाली की इंदूरकराला अनंत चतुर्दशी आठवणारच. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या मिलांच्या झाँक्या आणि रात्रभर पायी निघालेले शहर. मिलांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला, झाँक्या चालूच आहेत. गेडिसच्या अहवालाचे मात्र तसे झाले नाही. काही पेठा, काही रस्ते त्याच्या विचाराने झाले असतील, नदीकाठ राहून गेला. शहर वाढले, गटारे तिकडे वळली आणि नदीला नाला म्हणायची सवय आमच्या पिढीला लागली. रामबाग, नारायणबाग, चिमणबाग ही नावे आपण रोज उच्चारतो आणि त्यातली 'बाग' आपल्या कानांवरही पडत नाही.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दादांना म्हटले, "चला, आज फेऱ्या नकोत." स्नेहलतागंजातून निघालो, जेल रोडने महात्मा गांधी मार्गावर आलो आणि कृष्णपुऱ्याला उतरलो. झाँक्यांचीच वाट, फक्त उजेडात आणि शांत. जिथे थकले तिथे दादा कुणाच्यातरी ओटल्यावर टेकले. त्यांनी आम्हाला तीन ठिकाणी सांगितले की इथे मोठे झाड होते. आम्हाला एकही आठवले नाही.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी आम्ही बराच वेळ बसलो. कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या या छत्र्या नदीच्या अगदी काठावर आहेत. आता तिथे घाट बांधला आहे आणि रामबागेकडे काठाने चालताही येते. पाण्याला वास होता, पण पूर्वीइतका नाही. गेडिसनी सांगितलेल्या वाटेचा हा एवढाच तुकडा आपल्या वाट्याला आला, तोही शंभर वर्षांनी. आम्ही हे मोजत बसलो होतो, तोवर दादा उठून पुढे चालू लागले होते. एका ठिकाणी काठ सोडून रस्त्यावर चढावे लागले, तेव्हा ते थोडे कुरकुरले. रामबागेला पोहोचल्यावर पोहे-जिलेबी मागवली. घड्याळ पाहिले तर निघाल्याला दीड तास होऊन गेला होता. डॉक्टरांच्या चाळीस मिनिटांची आठवण दोघांनाही राहिली नव्हती.

"पुढच्या रविवारी छत्रीबाग," दादा म्हणाले. "पण परत रिक्षाने."