ब्रेकची किंकाळी

परवा घाट उतरताना आमच्या जुन्या मोटारीचे ब्रेक किंचाळू लागले. मिस्त्रीने चाक उतरवून पाहिले व म्हणाला, "मास्तर, पॅड झिजले. झिजले की ही पत्र्याची जीभ चकतीला घासते. ओरडते आहे ती तीच." त्या ओरडण्याचा इतिहास मी शोधू लागलो.

१९०२ साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू घासला की कान किटत. मी मॅट्रिक माणूस, मला कळले ते एवढेच : पॅड चकतीला क्षणभर धरतो, लगेच सुटतो, हे सेकंदाला हजारो वेळा घडले की चकती झांजेसारखी वाजते.

उपाय हर्बर्ट फ्रूडने काढला. डर्बीशायरच्या उतारांवर गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचे कातडे ठोकीत, ते पाहून १८९७ मध्ये तो ब्रेकची अस्तरे करू लागला. दहाएक वर्षांत त्यांत ॲस्बेस्टॉस आले आणि किंकाळी निवाली.

पण त्या शांततेची किंमत माणसांच्या फुप्फुसांनी मोजली. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कर्करोग होतो. १९९९ मध्ये ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली. लहानपणी पाहिलेले मिस्त्री मला आठवले. ड्रममधली धूळ ते तोंडानेच फुंकीत.

नवे पॅड बसवण्यापूर्वी आमचा मिस्त्रीही फुंकर मारायला वाकला. मी त्याचा हात धरला आणि ओले फडके पुढे केले.