ग्रॅनाडाची मेंदी

रमजान ईदच्या सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली वहीपेक्षा स्वतःचे तळवेच जास्त पाहतात. कुणाची मेंदी जास्त रंगली यावर मधल्या सुट्टीत वाद होतात. माझी भाची मात्र दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत शिकते. एका ईदनंतर तिला तिथे वर्गाबाहेर उभे केले गेले. 'हात स्वच्छ करून ये' असे सांगण्यात आले. घरी येऊन ती न्हाणीघरात दगडाने तळवे घासत बसली. मेंदी गेली नाही, कातडी मात्र सोलली. रात्री तिने विचारले, "खाला, मेंदी लावणं गुन्हा आहे का?"

मी इतिहास शिकवते. मला स्पेनमधले ग्रॅनाडा आठवले.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनाडाची मुस्लिम सत्ता संपली. शरणागतीच्या तहात प्रजेला धर्म आणि रीतिरिवाज पाळण्याची हमी दिलेली होती. दहा वर्षांच्या आतच ती मोडली. १४९९ पासून सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. बाप्तिस्मा घेतलेल्या या मुसलमानांना 'मोरिस्को' म्हणत. ते कागदोपत्री ख्रिस्ती झाले, पण त्यांची भाषा, पोशाख, हमाम आणि मेंदी तशीच राहिली. मग संशय या गोष्टींवर आला. स्पॅनिश भाषेत मेंदीला आजही 'अल्हेन्या' म्हणतात. तो अरबी 'अल-हिन्ना'च आहे.

ग्वादिक्सचे बिशप अंतोनियो दे गेव्हारा यांनी तर त्या भागातल्या मोरिस्को बायकांचे केस कापण्याचा आणि हातावरची मेंदी खरवडून काढण्याचा घाट घातला होता. लोकांनी ग्रॅनाडाला जाऊन तक्रार केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी बिशपना हे थांबवायला कळवले. कारण दिले ते असे, की या गोष्टीचा श्रद्धेशी फारसा संबंध नाही.

खरवडून मेंदी निघत नाही, हे बिशपना कोण सांगणार! मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते कातडीतल्या केराटिनला पक्के चिकटते. कातडीचा वरचा थर आपोआप झडेल तेव्हाच रंग उतरतो. त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

पुढे हा शहाणपणा उरला नाही. १ जानेवारी १५६७ रोजी राजा दुसरा फिलिप याच्या फर्मानाची ग्रॅनाडात दवंडी पिटली गेली. तीन वर्षांत अरबी सोडा, पोशाख बदला, बायकांनी चेहरे उघडे ठेवा, हमाम पाडा, शुक्रवारी घरांची दारे उघडी ठेवा. त्यातच मेंदीलाही मनाई झाली.

तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाचा एक वृद्ध मोरिस्को सरदार पुढे आला. त्याने लेखी निवेदन दिले. त्याचा मुद्दा सरळ होता. रिवाज मुलुखाचे असतात, ते धर्माचे असतातच असे नाही. शाम आणि मिसरमधले ख्रिस्ती लोक अरबी बोलतात, म्हणून ते मुसलमान होतात काय? मेंदीही मुसलमानांचा धर्मविधी नव्हे. बायका ती डोके स्वच्छ राहावे, आरोग्य राहावे म्हणून लावतात.

त्याचे कुणी ऐकले नाही. १५६८ च्या नाताळात अल्पुहाराच्या डोंगरात बंड पेटले. ते १५७१ पर्यंत चालले. ग्रॅनाडाचे मोरिस्को इतर प्रांतांत विखुरले गेले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधूनच हाकलले. ज्यांना आपल्यासारखे करायचे म्हणून मेंदी पुसायला निघाले, त्यांना शेवटी देशातूनच पुसून टाकले.

मुलेचे म्हणणे इतिहासाला धरून होते. इजिप्तच्या ममींवर मेंदीचा रंग आढळला आहे, म्हणजे मेंदी इस्लामपेक्षा कितीतरी जुनी. हजरत अबू बक्र (रजि.) मेंदी आणि कतम मिसळून केस रंगवीत, अशी हदीस आहे. मोरोक्कोच्या यहुदी लग्नातही मेंदीची रात्र असते. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी मेंदीचा इतिहास शोधताना संस्कृत ग्रंथही चाळले आणि परदेशी साधनेही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीचा वारसा-यादीत समावेश केला, तो १६ अरब देशांच्या अर्जावरून.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. लग्नातली मेंदी ही 'गैरों की रस्म' आहे, ती बंद करा, असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. शाळेला ती मुसलमानी वाटते आणि यांना ती हिंदू वाटते. दोघांचीही चूक एकच आहे. शेजारच्या वहिनी हरतालिकेला आणि आम्ही चाँदरातीला एकाच झाडाची पाने वाटतो, हे दोघेही विसरतात.

भाचीला मी एवढेच सांगितले, "गुन्हा नाही, बेटा. घासू नकोस. तिला उतरायचं तेव्हा ती आपणहून उतरेल." दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत शाळेत गेले. नुन्येझ मुलेप्रमाणे माझ्याही हातात एक अर्ज होता.