बाक कुणासाठी?

सुरुवात एका दुकानातून करतो. मुलांना सोयीची टेबलं शोधत जॉन ड्यूई शहरातल्या शालेय साहित्याच्या दुकानांतून हिंडत होता. मनासारखं काही सापडेना. शेवटी एका चाणाक्ष दुकानदारानेच त्याला अडचण उलगडून सांगितली: तुम्हाला हवीत ती मुलांनी काम करायची टेबलं, आमच्याकडची सगळी नुसतं ऐकत बसायची. १८९९ च्या ‘द स्कूल अँड सोसायटी’त ड्यूईने हा किस्सा सांगितला आहे. उद्याच्या शाळेवरची पुस्तकं निवडताना मी तोच गज हाती धरला. पुस्तकातलं मूल नेमकं कुठे बसलंय आणि तिथे काय करतंय, हे मला दिसलं पाहिजे.

या कसोटीवर बरीच भाकितं गळाली. चित्रपट आला की शाळेतून पुस्तकं हद्दपार होणार, असं एडिसन १९१३ मध्येच सांगून बसला होता. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला. दर वेळी तोच गाजावाजा झाला आणि शेवटी खापर शिक्षकाच्या माथी. लॅरी क्यूबनचं ‘टीचर्स अँड मशीन्स’ (१९८६) हा इतिहास सांगतं. नवं यंत्र विकायला आलेल्या माणसाशी बोलण्याआधी ते जरूर वाचावं.

यंत्राची गोष्ट असूनही आयझॅक असिमॉव्हची १९५१ ची छोटी कथा मात्र मी ठेवली. २१५७ सालातली मार्गी आपल्या खोलीशेजारच्या शाळेत यंत्रासमोर एकटीच बसते. गृहपाठ भोकांच्या सांकेतिक लिपीत लिहायचा, हा अंदाज साफ चुकला. पण ते एकटेपण? २०२० साली ते घरोघरी कळलं.

‘तोत्तोचान’ इथे कशाला, असं कुणी विचारील. ती तर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेल्या शाळेची आठवण. पण आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरवणाऱ्या कोबायाशी मास्तरांनी इमारत म्हणजे काय, हा प्रश्न किती सहज सोडवला! डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत वास्तुकार हर्मन हर्ट्झबर्गरने दालनाच्या मधोमध विटांचा एक ओटा बांधला. तो चक्क वाटेत येतो, आणि म्हणूनच मुलं त्याच्यावर बसतात, चढतात, त्याचा रंगमंच करतात. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी त्याने लिहिलेल्या पुस्तकात हा ओटा भेटेल.

आपल्याकडचा धडा तर भिंतींशिवायचा आहे. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. कोसबाडला आदिवासी मुलं गुरांमागे जात, तर शाळा कुरणात भरवली. शाळेच्या रचनेवरच्या इंग्रजी ग्रंथांत कुरणशाळेचा उल्लेख मला अजून भेटलेला नाही. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मी म्हणूनच यादीत अगदी वर ठेवलं आहे. वास्तुरचनेचं पुस्तक म्हणून ते वाचायला घ्या; आणि जमलं तर खुर्ची सोडून, ओट्यावर बसून.