पावसाची संहिता : चांदा-गडचिरोलीच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात

इतिहासाच्या साधनांची यादी करताना आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, मोडी दफ्तरे यांची नावे घेतो; पर्जन्यमानाच्या तक्त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. तो तक्ता भूगोलाच्या किंवा शेतकीच्या कपाटात पडून असतो. वस्तुतः ज्या प्रदेशाचे जगणे धान, तळी आणि रान यांवर उभे आहे, त्याचा इतिहास पावसावाचून लिहिता येत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे असा प्रदेश आहेत. या प्रदेशावर १९०१ पासून रोज किती पाऊस पडला याचे आकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने विनामूल्य खुले केले आहेत, आणि ते उघडून पाहण्याची साधनेही मुक्त आहेत. तेव्हा आकडे मिळवण्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. ते वाचावेत कसे, हा प्रश्न मात्र उरला आहे. आमच्या मते तो गणिताइतकाच संहितावाचनाचा प्रश्न आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडत आहोत.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड ठेवून पर्जन्यमान घ्यावे असे सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याचा उल्लेखही येतो. गोदाकाठच्या अश्मक देशासाठी तेथे एक निश्चित माप दिले आहे. अपरान्ताचा, म्हणजे कोकणपट्टीचा, पाऊस मात्र अमित म्हणून सोडून दिला आहे. या उल्लेखातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुंडाची जागा. ते कोष्ठागारात आहे. राज्यसंस्था पाऊस मोजते ती धान्य आणि कर यांच्या हिशेबासाठी, हे सूत्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

इंग्रजी अमदानीत हेच सूत्र विस्तारले. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्या नेतृत्वाखाली हवामान विभाग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी १८७६-७८ चा मोठा दुष्काळ सुरू झाला. तापमापक ज्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात ती पेटी स्टीव्हन्सन नावाने ओळखली जाते. दीपगृहे बांधणारे हे टॉमस स्टीव्हन्सन कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे. विभागाचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्यास, तेथून १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. आकडेवारीचे मोठे भांडार मात्र पुण्यातच राहिले.

या भांडारात चांदा कोठे आहे हे समजण्यासाठी त्या मुलखाचा प्रशासकीय नकाशा पाहावा लागतो. सिरोंचाचा गोदाकाठ १८७४ पर्यंत अपर गोदावरी या स्वतंत्र जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर चांद्याला जोडला गेला. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये झाली आणि गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पर्जन्यमापक बसवले जात ते प्रायः जिल्ह्याच्या आणि तहसिलीच्या ठाण्यांत, जेथे सारा गोळा होई आणि सूट द्यावयाची की नाही हे ठरे. अहेरीसारख्या जमीनदारीतील घनदाट रानात, जेथे सरकारचा वसुलीचा हात थेट पोहोचत नव्हता, तेथे मापकही विरळ होते. पावसाच्या नोंदींचा नकाशा हा असा महसुलाच्या नकाशाची सावली होता.

आता संगणकावर मिळणारी नोंद पाहू. हवामान विभागाची दैनंदिन पर्जन्यनोंद चौकटींच्या जाळ्यात बांधलेली आहे. प्रत्येक चौकट पाव अंश रेखांश आणि पाव अंश अक्षांश यांची, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे ७२५ चौरस किलोमीटरची. या हिशेबाने आजचा गडचिरोली जिल्हा वीसेक चौकटींत बसतो, चंद्रपूर सोळाएक. वर्षाची एक धारिका, तीत दिवसामागे १३५ गुणिले १२९ इतके आकडे. देशभरातील ६,९५५ केंद्रांच्या नोंदी या जाळ्यासाठी वापरल्या आहेत, पण ती सर्व केंद्रे सर्व वर्षी चालू नव्हती. शतकाच्या आरंभी ती पुष्कळ कमी होती. जेथे केंद्र नाही तेथील चौकट आसपासच्या केंद्रांवरून भरली जाते. जवळच्या केंद्राला अधिक वजन, दूरच्याला कमी, ही डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेली रीत काही सुधारणांसह येथे वापरली आहे.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याचे कान टवकारावेत. या क्रियेला इंग्रजीत इंटरपोलेशन म्हणतात, आणि पाठचिकित्सेत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो त्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. एकाच पुण्यात एका संस्थेने महाभारतातले प्रक्षेप वेगळे काढण्यासाठी जवळजवळ अर्धशतक वेचले आणि दुसऱ्या संस्थेने पावसाच्या संहितेतील रिकाम्या जागा प्रक्षेपाने भरल्या. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत. फरक आहे तो टिपांचा. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९ ते १९६६) विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळलेले श्लोक तारांकित करून तळटीपांत ठेवले; कोणत्या पोथीत काय आहे हे वाचकाला पडताळता येते. जाळ्याच्या धारिकेत अशी तळटीप नाही. भामरागडच्या चौकटीत १९१० च्या एखाद्या श्रावणातला आकडा दिसतो. तो त्या भूमीवर ठेवलेल्या पात्रात पडलेला पाऊस आहे की दूरच्या ठाण्यांतील पावसांची भारित सरासरी, हे आकड्यावरून कळत नाही. जेथे कोणी मोजले नाही तेथेही आकडा आहे. रिकामी जागा निदान रिकामी दिसते. भरलेली जागा इतिहासकाराला फसवू शकते.

म्हणूनच मुक्त आज्ञावलीचे महत्त्व आम्हाला वाटते, आणि ते पैसे वाचण्यापुरते नाही. आर ही सांख्यिकीची भाषा न्यूझीलंडमधील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० मध्ये आली. पायथन भाषेत इमडलिब नावाचा मुक्त संच आहे. तो हवामान विभागाच्या धारिका उतरवून घेतो, उघडतो आणि हव्या त्या अक्षांश-रेखांशाची दिवसवार यादी साध्या तक्त्यात काढून देतो. क्यूजीआयएस हा नकाशांचा कार्यक्रमही असाच मुक्त आहे. या साधनांत कृती उघडी असते. सरासरी कशी काढली, कोणता दिवस वगळला, हे पुढचा अभ्यासक ओळ न् ओळ वाचू शकतो. आकड्यांना जी टीपा-टिप्पणी नाही, ती निदान आपल्या वाचनाला आपण जोडू शकतो.

या वाचनाच्या काही खुणा आरंभीच ध्यानात ठेवाव्या लागतात. नोंद नसेल तेथे उणे ९९९ असा आकडा असतो; तो न वगळता बेरीज केली तर भर पावसाळ्यात उणे पाऊस निघतो. दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आठ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस नऊ तारखेच्या नावे लागतो. एखाद्या रोजनिशीतील वा पत्रातील पुराची तारीख जाळ्याशी ताडून पाहताना हा एक दिवस सांभाळला नाही, तर खरा लेखक खोटा ठरेल.

मुक्त साधनांनी दिलेली मोठी मोकळीक प्रश्न बदलण्याची आहे. छापील तक्ते महिन्यांत बांधलेले असत : जून, जुलै, ऑगस्ट. झाडीपट्टीतला शेतकरी मात्र पाऊस मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य यांत मोजतो. पऱ्हे कधी टाकायचे, रोवणी कधी करायची, हे नक्षत्रावर ठरते. महिन्याच्या बेरजेत जुलै चांगला दिसतो. पण त्यातला सारा पाऊस पुष्यात पडला आणि पुनर्वसू कोरडा गेला, तर रोवणी खोळंबलेली असते. दिवसवार आकडे हाती असल्यावर वर्षाची विभागणी नक्षत्रांनुसार करणे हे दहा-बारा ओळींचे काम आहे. मात्र तारखा पंचांगातून घ्याव्यात, कारण सूर्याचा मृगप्रवेश इंग्रजी दिनदर्शिकेत शतकामागे सुमारे १.४ दिवसांनी पुढे सरकतो. ‘पूर्वी मृग हमखास बरसायचा’ हे वाक्य आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि पारावरच्या बोलण्यात इतक्या वेळा येते, की ते स्मृती आहे की वाङ्मयीन संकेत हे सांगणे कठीण. शंभराहून अधिक मृग एकापुढे एक मांडून ते वाक्य तपासता येते. निकाल काहीही येवो, त्या वाक्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

सीमारेषांचेही असेच आहे. जिल्ह्याचा आजचा नकाशा जाळ्यावर ठेवून कापला की संगणक निमूटपणे ‘गडचिरोली जिल्हा, १९१८’ असा तक्ता देतो. असा जिल्हा तेव्हा नव्हता. दुष्काळी कामे, सारामाफी, धान्याची ने-आण हे सर्व निर्णय चांद्याच्या हिशेबाने होत होते. पाऊस तर जिल्हा ओळखतच नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीच्या काठची गावे पाण्यात गेली. त्या पुराचा उगम नदीच्या वरच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातील अतिवृष्टीत होता. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचापाशी गोदावरीत जाते. पुराचा इतिहास लिहायचा तर नकाशा नदीच्या खोऱ्याने कापावा लागेल. अशा वेळी कोणत्या रेषेने कापायचे हा संपादकीय निर्णय ठरतो, आणि तो लिहून ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

सर्वांत बोचणारी गोष्ट आरंभाच्या सालाची. हे जाळे १९०१ पासून सुरू होते. मध्य प्रांताला उद्ध्वस्त करणारे दोन दुष्काळ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. १८९१ ते १९०१ या दशकात त्या प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. म्हणजे सहजी मिळणारी दिवसवार नोंद आपत्ती सरल्यावर सुरू होते. विदर्भ उपविभागाचे महिनेवार आकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या मालिकेत १८७१ पासून मिळतात. देशभरातील ३०६ निवडक केंद्रांवर उभारलेली ती मालिका बहुमोल आहे, परंतु तिच्यातून साऱ्या विदर्भाचा एक आकडा निघतो. कापसाचे वऱ्हाड आणि धानाचे चांदा त्यात एकच होऊन जातात. त्याआधीचे आणि त्याखालचे सर्व काही कागदांत आहे : लुसी स्मिथ यांचा १८६९ चा चांद्याचा बंदोबस्त अहवाल, १९०९ चे जिल्हा गॅझेटियर, दुष्काळ आयोगांची कागदपत्रे, वनविभागाच्या कार्य आयोजना.

आणि जेथे कागदही नाहीत तेथे दुसऱ्या प्रकारच्या नोंदी आहेत. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव हे पाण्याच्या अपेक्षेचे मातीत लिहिलेले लेख आहेत. सांडव्याची उंची पाहिली की बांधणाऱ्याने किती पाऊस गृहीत धरला होता याचा अंदाज येतो. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास पर्जन्यमानाशेजारी ठेवून वाचला पाहिजे. माडियांचे पंडुम पेरणी, नवे धान्य आणि रानातील फळे-फुले यांच्या क्रमाने येतात. मोह वेचणारी आणि तेंदूपाने तोडणारी माणसे अवकाळी पावसाची आठवण हंगामाच्या नुकसानीने ठेवतात. हे पुरावे मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत, म्हणून ते जाळ्याला पर्याय होऊ शकत नाहीत. पण जाळ्यातील कोणत्या चौकटीवर किती विश्वास ठेवावा हे सांगायला त्यांच्यावाचून दुसरा साक्षीदारही नाही.

आज महावेध प्रकल्पामुळे राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. मापक वाढले ही समाधानाची गोष्ट. तरी एककाचे नाव पाहावे : महसूल मंडळ. रानातील मंडळे विस्ताराने मोठी, त्यामुळे अबूझमाडाच्या सीमेवरील एका केंद्राने किती डोंगर-ओढ्यांच्या वतीने बोलायचे हा जुना प्रश्न आजही आहेच.

इंग्लंडमध्ये २०२० च्या टाळेबंदीत एड हॉकिन्स यांच्या पुढाकाराने पर्जन्यनोंदींची ६५ हजारांहून अधिक जुनी पाने सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी अवघ्या १६ दिवसांत उतरवून काढली. त्यांना हवामानशास्त्र येण्याची गरज नव्हती. जुने हस्ताक्षर लागणे आणि शंकेची जागा शंका म्हणून नोंदवणे एवढे पुरेसे होते. हे दोन्ही गुण वाङ्मय विभागांत शिकवले जातात. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने चांद्याच्या गॅझेटियरांतील पर्जन्यतक्ते, इंचांचे मिलिमीटर करून आणि प्रत्येक आकड्याचे पान नोंदवून, खुल्या तक्त्यात उतरवले, तर १९०१ च्या अलीकडचा बंद दरवाजा निदान किलकिला होईल. त्या तक्त्यात न मोजलेल्या जागा कोऱ्या ठेवाव्यात. अहेरीच्या रानातला कोरा रकाना हीदेखील एक नोंद आहे.