एसएसएक्स: दर वेळी नवं रूप घेणारी स्नोबोर्डिंग गेम

पायाला फळी बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं आणि हवेत करामती करायच्या, ही एसएसएक्स. ईए कंपनीची ही गेम मालिका २००० साली प्लेस्टेशन २ सोबतच आली. एवढी रूपं बदलूनही ती ओळखू कशी येते, ते मी इथे थोडक्यात सांगतो.

मूळ नियम
ट्रिक केली की बूस्टचा मीटर भरतो. बूस्टने वेग वाढतो, वेगामुळे उडी मोठी होते आणि मोठ्या उडीत आणखी अवघड ट्रिक जमते. पण पडलात की वेग गेलाच! माझ्या मते हाच या गेमचा जीव आहे.

रूप कसं बदललं?
- ट्रिकी (२००१): भडक रंग, एकमेकांना डिवचणारे खेळाडू आणि रन-डीएमसीचं गाणं. मीटर पूर्ण भरला की अशक्य वाटणाऱ्या ‘उबर’ ट्रिक्स करता येतात.
- एसएसएक्स ३ (२००३): सुटे ट्रॅक जाऊन एकच डोंगर आला. त्याची तीन शिखरं आहेत आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग घसरत येता येतं.
- ऑन टूर (२००५): वर्गात कंटाळा आल्यावर वहीच्या मागच्या पानावर काढतो ना, तशा चित्रांनी सजलेली गेम. यात स्कीसुद्धा आल्या.

जिथे गाडी अडली
२०१० मध्ये ‘डेडली डिसेंट्स’ नावाने नव्या गेमचा ट्रेलर आला. तो इतका काळोखा आणि गंभीर होता की चाहते वैतागले: यात आमची मस्ती कुठे गेली?

पुढे ते नाव गळालं. २०१२ मध्ये गेम नुसती ‘एसएसएक्स’ म्हणून आली. डोंगर नासाच्या उपग्रह डेटावरून बनवले होते. जीवघेणे उतारही राहिले. हिमालयात तर विरळ हवेमुळे ऑक्सिजन वापरावा लागतो. पण रंग, अचाट ट्रिक्स आणि ते जुनं गाणं परत आलं.

मग यातून काय कळतं?
वहीतली चित्रं चालली, एकच डोंगरही चालला, कारण पडण्याचा धोका पत्करून उडी मारण्यातली गंमत तशीच होती. काळोखा ट्रेलर खटकला, कारण त्यात ती गंमतच दिसत नव्हती. तुमच्या आवडत्या मोबाईल गेमचं मोठं अपडेट आलं की नुसते ग्राफिक्स पाहू नका. खेळताना हाताला जुनी मजा येते का, ते आधी बघा.