प्रिंटरच्या पोर्टाची कुळकथा

संगणकाच्या पाठीमागील 25 छिद्रांच्या ज्या पोर्टाने पुढे कित्येक हौशी मंडळींना दिवे लावण्याची व मोटारी फिरविण्याची मुभा दिली, त्याचा जन्म मात्र केवळ प्रिंटरच्या चाकरीसाठी झाला होता. 1970 साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने आपला 101 क्रमांकाचा प्रिंटर आणला, तेव्हा त्यावरील 36 पिनांचा कनेक्टर कोणी फार विचारान्ती निवडला होता असे नाही. सेंट्रॉनिक्स ज्या वांग कंपनीतून निघाली, तिच्या कारखान्यात गणनयंत्रांसाठी आणलेल्या मालापैकी उरलेला साठा पडून होता, तोच कामी आला. उरल्यासुरल्या मालातून निपजलेले प्रमाण पुढे जगभर रूढ व्हावे, याचे मला कौतुक वाटते.

1981 मध्ये आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी हीच रचना 25 पिनांत बसविली. तिचा कारभार सरळ होता: 2 ते 9 या पिनांवर एका अक्षराचे आठ बिट एकदम मांडावयाचे, पहिल्या पिनेवरील स्ट्रोब क्षणभर खाली आणून प्रिंटरला वर्दी द्यावयाची, आणि त्याची ‘बिझी’ची खूण उतरेपर्यंत थांबावयाचे. परंतु बेसिकमधून थेट पोर्टाच्या पत्त्यावर आकडा धाडला, तर पलीकडे प्रिंटर आहे की आणखी काही, याची चौकशी कोणीच करीत नसे, आणि या बेफिकिरीतच पोर्टाचे भाग्य दडलेले होते. 888 हा त्याचा पत्ता; ‘आउट 888, 1’ एवढा हुकूम सुटला की दुसऱ्या पिनेवरचा दाब चढे आणि रेझिस्टर घालून जोडलेला एलईडी लागे. 1 च्या जागी 128 घातले की नवव्या पिनेवरचा. 889 या पुढच्या पत्त्यावरून प्रिंटरकडून येणाऱ्या पाच रेषा वाचता येत, पण त्यांतली बिझीची उलटी. 890 वरच्या चारांपैकी तर तीन उलट्या! नवशिक्याची निम्मी रात्र या हिशेबातच जाई. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही टर्बो सी मधील ‘आउटपोर्टबी’च्या बळावर स्टेपर मोटारी फिरविल्या.

डॉसच्या अमदानीत प्रोग्राम आणि पोर्ट यांच्या दरम्यान पहारा नव्हता. विंडोज एनटीने तो बसविला, आणि सामान्य प्रोग्रामाला पोर्टाशी थेट बोलण्याचा मज्जाव झाला. तेव्हा हौशी मंडळींनी ‘गिव्हआयओ’सारखे चिमुकले ड्रायव्हर कर्नलच्या गोटात शिरवून परवाना मिळविला. यूएसबीपुढे मात्र ही मसलतही चालेना, कारण यूएसबीला प्रिंटर जोडून देणाऱ्या केबलीला 888 हा पत्ताच नसतो.